सागाच्या रानात रेकॉर्ड झालेला आवाज रानपिंगळ्याचाच का?

प्रश्न थोडक्यात असा: मेळघाटालगतच्या सागाच्या रानात जानेवारीतल्या सकाळी साडेआठच्या सुमारास मोबाइलवर ४० सेकंदांचं रेकॉर्डिंग झालं. पक्षी दिसला नाही. ॲपने त्याच फितीला एकदा हळद्या म्हटलं, एकदा जंगली पिंगळा. सोबतचा वाटाड्या म्हणतो रानपिंगळा. नुसत्या आवाजावरून रानपिंगळा खात्रीने ओळखता येतो का, आणि कसा?

येतो. मात्र ४० सेकंदांच्या फितीवर 'नक्की' म्हणण्याची वेळ क्वचितच येते. रानपिंगळ्याचा एकेक सूर वेगळा असा फारसा उठून दिसत नाही. सूर, दोन सुरांमधलं अंतर आणि बराच वेळ चाललेली तीच लय या तिन्ही गोष्टी जुळल्या की मग तो ओळखता येतो. शिवाय त्या रानात रोज बोलणाऱ्या पाच-सहा पक्ष्यांची नावं एकेक करून खोडावी लागतात. निम्म्याहून जास्त काम या खोडण्यातच आहे, म्हणून पुढचं बरंचसं त्यावरच लिहिलं आहे.

आधी नावाचा घोळ सोडवू. मराठीत 'रानपिंगळा' हे नाव दोन पक्ष्यांना लावलेलं आढळतं. काही याद्यांत ते अंगभर बारीक पट्टे असलेल्या, सर्रास दिसणाऱ्या जंगल आउलेटला दिलेलं आहे, तर बातम्यांत आणि वनखात्याच्या बोलण्यात ते फॉरेस्ट आउलेटला. इथे रानपिंगळा म्हणजे फॉरेस्ट आउलेट (एथेनी ब्लेविटी) आणि जंगली पिंगळा म्हणजे जंगल आउलेट (ग्लॉसिडियम रेडियाटम). वाटाड्या 'रानपिंगळा' म्हणाला तेव्हा त्याच्या मनात यातला कोणता होता, हे त्याला दोघांची चित्रं दाखवून विचारा. अर्धे वाद इथेच मिटतात. पक्ष्यांच्या आवाजांच्या संग्रहात जुनी रेकॉर्डिंग शोधताना हेटेरोग्लॉक्स ब्लेविटी हे जुनं नावही टाकून बघा. हा पक्षी बराच काळ हेटेरोग्लॉक्स या स्वतंत्र प्रजातीत (जीनसमध्ये) धरला जायचा.

हा पक्षी इतका दुर्मीळ का मानला जातो, हेही थोडक्यात. १८७२ मध्ये ब्लेविट यांनी गोळा केलेल्या नमुन्यावरून ह्यूम यांनी १८७३ मध्ये याचं वर्णन केलं. १८८४ नंतर खात्रीची नोंद नाही. १९१४ सालचा म्हणून सांगितला गेलेला गुजरातमधला एक नमुना पुढे बनावट ठरला. मग २५ नोव्हेंबर १९९७ रोजी पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना आताच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ तो पुन्हा सापडला. मध्ये ११३ वर्षं गेली होती. त्याच्या आवाजाचं नीट वर्णन छापून आलं ते १९९९ मध्ये. त्यानंतर सातपुड्यात, मेळघाटात, यावलच्या बाजूला, मध्य प्रदेशात खंडवा-बुऱ्हाणपूरकडे आणि २०१४ मध्ये थेट तानसा अभयारण्यात त्याच्या नोंदी झाल्या. आवाज माहीत झाल्यावर शोधणाऱ्यांचं काम किती सोपं झालं, हे या क्रमातच दिसतं. आययूसीएनच्या धोक्यातल्या जातींच्या यादीत 'क्रिटिकली एन्डेंजर्ड' (अतिसंकटग्रस्त) या गटातून तो २०१८ मध्ये 'एन्डेंजर्ड' गटात आला, पण म्हणून चुकीची नोंद परवडते असं नाही.

आता त्याचे आवाज. मुख्य गाणं म्हणजे एक छोटा, मऊ, शीळवजा सूर. तो झटकन वर चढतो आणि तितक्याच झटकन खाली येतो. कानाला तो 'उऽव्व' किंवा 'अ-वुव्व' असा, म्हणजे एक की दीड अक्षराचा, लागतो. मऊ असला तरी तो दूरवर पोचतो. हा सूर एकटा येतो, मग काही सेकंद शांतता, मग परत तसाच. याशिवाय 'क्वाक... क्क, क्वा... क्क' असा हद्दीचा आवाज आहे, 'की-या, की-या' असा जोडीदाराशी संपर्काचा, 'श्रीऽऽ' किंवा 'खीक' असा फुत्कारासारखा, आणि धोका वाटला की 'चिरूर-चिरूर'. ही अक्षरं फक्त ओळखीपुरती धरा. आवाज अक्षरांत लिहिणं ही ऐकणाऱ्याची सोय आहे. तीच शीळ एकाला 'ओ-आव' ऐकू येते, दुसऱ्याला 'हु-वु'. अक्षरांवरून निर्णय करू नये.

यातला ओळखीच्या कामाचा आवाज एकच, तो मऊ सूर. 'चिरूर' वर रानपिंगळा ठरवता येत नाही, कारण आपला गावाशेजारचा पिंगळाही 'चिरूर्र-चिरूर्र' करतोच आणि त्याला 'चीवक-चीवक' ची जोड देतो. 'श्रीऽऽ' वर तर मुळीच नको. पिंगळ्याची पिल्लं खाऊ मागताना तसाच घासटलेला आवाज काढतात. फितीत नुसते कर्कश आवाज असतील तर 'पिंगळ्यांपैकी कोणीतरी' इथवरच थांबावं. ती नोंदही उपयोगाची असते.

आता खोडायची यादी. तुमची फीत सकाळी साडेआठची आहे, हे फार चांगलं आहे, कारण रात्रीचे बरेच दावेदार आपोआप मागे पडतात. रानपिंगळा दिवसाचा पक्षी आहे. थंडीत सकाळी उंच, निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर ऊन खात बसतो आणि साधारण दहानंतर शांत होतो. शिंगळा घुबडाचा एकेरी 'व्हट?' किंवा ब्राउन हॉक-आउलचा 'ऊ-उक, ऊ-उक' हे मुख्यतः रात्रीचे किंवा संधिप्रकाशातले. ब्राउन हॉक-आउल जोडसूर काढतो म्हणून पहाटेच्या फितीत घोळ घालतो, पण त्याचे सूर जवळजवळ सेकंदा-सेकंदाला, रांगेने येतात. साडेआठला त्याची काळजी कमी.

दिवसाचे खरे दावेदार चार. जंगली पिंगळा, हळद्या, टकाचोर आणि नकला करणारे पक्षी.

जंगली पिंगळा सर्वांत फसवा. त्याचं पूर्ण गाणं ऐकलं तर चूक होऊच शकत नाही: 'काव... काव... काव' असं सावकाश सुरू होतं, वेग वाढत जातो, आणि 'काव-कुक, काव-कुक' अशा घाईने ते संपतं. फसवणूक होते ती अर्धवट फितीत. रेकॉर्डिंग उशिरा सुरू झालं, लवकर थांबलं, किंवा पक्ष्याने सुरुवातीचे दोन-तीन सूर काढून पुढचं गाणं सोडून दिलं, तर हाती लागतात ते मऊ, सुटे सूर. त्यातला एकेक वेगळा काढून ऐकला तर अनुभवी कानही अडखळतो. इथे कसोटी अंतराची. एका सुराच्या सुरुवातीपासून पुढच्याच्या सुरुवातीपर्यंतचा वेळ मोजा. तो दर वेळी घटत असेल (उदाहरणार्थ १.४, १.१, ०.८ सेकंद) तर तो जंगली पिंगळा. अंतर अनेक सेकंदांचं असेल आणि कमी-जास्त होत राहूनही आक्रसत नसेल, तर रानपिंगळ्याचा विचार चालू ठेवा. तुमच्या ॲपने जंगली पिंगळा सुचवला असेल तर फितीच्या पहिल्या आणि शेवटच्या पाच सेकंदांत गाणं तुटलंय का ते आधी बघा.

हळद्याची शीळ बासरीसारखी, स्वच्छ, आणि तीत वळण असतं: 'पी-लो-लो' सारखी दोन-तीन वळणं. कधी मात्र तो एकच तुकडा टाकतो, आणि तो चढता-उतरता असतो. त्याला ओळखायचं ते त्याच्या चंचलपणावरून. पुढची शीळ वेगळ्या उंचीवर, वेगळ्या वळणाची येते, आणि मध्येच खरखरीत 'च्याऽ' असा आवाज येऊन जातो. रानपिंगळा एकदा गायला लागला की तोच सूर घोटत राहतो. टकाचोर हा सागाच्या रानातला बहुरूपी. कर्कश 'के-के-के' आणि लगेच गोड 'को-की-ला' हे त्याचं नेहमीचं. त्याचा गोड तुकडा लांबून अर्धाच ऐकू आला की घुबड वाटतं. तोही एका आवाजावर फार वेळ टिकत नाही.

नकला करणाऱ्यांत भृंगराज पहिला. तो शिक्र्याचा, इतर कोतवालांचा, पिंगळ्यांचाही आवाज काढतो, आणि नक्कल अस्सल असते. त्याला पकडायचं तर त्यापुढची दोन मिनिटं ऐकावीत. नक्कल करणारा त्याच जागेवरून, मध्ये फारसा श्वास न घेता, दुसऱ्या पक्ष्याचा आवाज सुरू करतो, मध्येच आपली धातूसारखी किणकिण मिसळतो. हरित पर्णपक्षीही नकला करतो, पण त्याची नक्कल बारीक आणि घाईची असते. रेकॉर्डिंग ४० सेकंदांवर थांबवण्याचा सर्वांत मोठा तोटा हाच. त्या एका वाक्यानंतर पक्षी काय बोलला, ते फितीत नाही.

आणखी एक दावेदार माणूस आहे. पर्यटकांच्या वाटेजवळ कोणीतरी मोबाइलवर किंवा छोट्या स्पीकरवर रानपिंगळ्याचा आवाज वाजवत असतं, आणि तो तुमच्या फितीत येतो. हे ओळखण्याची पद्धत सोपी आहे. वाजवलेली फीत पुन्हा पुन्हा फिरते, म्हणून सुरांमधली अंतरं ठरावीक क्रमाने हुबेहूब परत येतात. जिवंत पक्ष्याची अंतरं प्रत्येक वेळी थोडी हलतात. अंतरं ४.२१, ६.८०, ५.१५ आणि लगेच परत ४.२१, ६.८०, ५.१५ अशी निघाली तर फाइल बाजूला ठेवा. दुसरी खूण म्हणजे पार्श्वभूमीतला खसखसाट किंवा दुसराच पक्षी प्रत्येक सुराबरोबर एकदम सुरू होतो आणि एकदम बंद पडतो.

आता फाइलकडे. माझं ठाम मत आहे की चुकीच्या ओळखी कानामुळे कमी होतात आणि खराब फायलीमुळे जास्त. पहिला प्रश्न: तुमच्याकडे मूळ फाइल आहे का, की व्हॉट्सॲपवरून आलेली? व्हॉइस मेसेज माणसाच्या बोलण्यासाठी दाबला जातो. त्यात वरच्या कंप्रतेचा (फ्रिक्वेन्सीचा) भाग जातो आणि पुष्कळदा आवाजाच्या कडाही बोथट होतात. मूळ फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवली तर ती तशीच पोचते. व्हिडिओतून काढलेला आवाज चालेल, पण तोही दाबलेला असतो हे लक्षात ठेवावं. पुढच्या वेळी वेव्ह स्वरूपात, ४८ किलोहर्ट्झ, १६ किंवा २४ बिटवर रेकॉर्ड करा. मोबाइलच्या रेकॉर्डरमधली 'नॉइज रिडक्शन' आणि 'ऑटो गेन' ही सोय बंद करता आली तर बंद करा. ऑटो गेन शांततेत आवाज वाढवतं आणि सूर आला की दाबतं, त्यामुळे सुराची सुरुवात विकृत होते आणि कोणता सूर जोरात होता हे सांगणं निरर्थक ठरतं.

पातळी हाताने ठरवता येत असेल तर सर्वांत मोठा आवाज वजा १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. ती शून्याला टेकली की लाटेचे शेंडे कापले जातात, आणि कापलेल्या लाटेतून खोटे अधिस्वर, म्हणजे मूळ सुराच्या पटीतल्या कंप्रतेचे वरचे सूर, तयार होतात. स्वच्छ शीळसुद्धा मग खरखरीत दिसते आणि वाचणारा 'हा कर्कश आवाज आहे' असं ठरवून मोकळा होतो. उलट चूक अंतरामुळे होते. रानात उंच कंप्रता लवकर विरतात, म्हणून १५० मीटरवरच्या पक्ष्याचे वरचे अधिस्वर पोचतच नाहीत आणि मुळात भरघोस असलेला आवाज निव्वळ शीळ वाटतो. यातून एक नियम निघतो, तो पक्का धरा: अधिस्वर दिसले तर ते पुरावा आहेत, ते दिसले नाहीत तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. घळीत रेकॉर्डिंग केलं असेल तर प्रतिध्वनीने सुराची शेपटी लांबते. अशा फितीत सुराची लांबी मोजताना शेवट जिथे ठळक रेष विरू लागते तिथे धरा, पुसट धुक्याच्या टोकाला नाही.

मूळ फाइल जपून ठेवा आणि काम प्रतीवर करा. प्रतीवर दोनच गोष्टी कराव्यात. १५० हर्ट्झखालचा वारा गाळणं आणि एकूण आवाज वाढवणं. ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या सॉफ्टवेअरमधली गोंगाट काढण्याची सोय कानाला गोड लागते, पण तिच्यातून नवेच, पाण्यातून आल्यासारखे सूर निर्माण होतात आणि आलेखावर ते पक्ष्याचे वाटतात. ती वापरू नका.

मग स्पेक्ट्रोग्रॅम, म्हणजे ध्वनीचा आलेख. आडव्या अक्षावर वेळ, उभ्यावर कंप्रता, गडदपणा म्हणजे जोर. ऑडॅसिटी किंवा कॉर्नेलचं मोफत रेव्हन लाइट, दोन्ही पुरेशी आहेत. इथे एक सेटिंग निर्णायक आहे, विंडोची लांबी, म्हणजे आलेख काढताना आवाजाचा एका वेळी किती मोठा तुकडा घ्यायचा ते. ४८ किलोहर्ट्झच्या फाइलमध्ये १०२४ ची विंडो म्हणजे २१ मिलिसेकंदांचा तुकडा आणि सुमारे ४७ हर्ट्झची बारकाई. मऊ सुराचा आकार आणि उंची मोजायला ही चांगली. २५६ ची विंडो म्हणजे ५ मिलिसेकंद, पण बारकाई १८८ हर्ट्झ इतकी जाडीभरडी. ती वेळ मोजायला. 'चिरूर' सारख्या आवाजात स्पंद इतके जवळ असतात की २०४८ च्या विंडोत ते मिसळून अधिस्वरांसारख्या समांतर आडव्या रेषा दिसतात, आणि २५६ च्या विंडोत त्याच जागी सुट्या उभ्या रेघा दिसतात. पक्षी तोच, फाइल तीच. म्हणून दोन आलेखांची तुलना करताना दोन्हीला एकच विंडो, एकच उभा अक्ष लावा. उभा अक्ष ० ते ४ किलोहर्ट्झ ठेवा. ० ते २४ वर ठेवला तर पिंगळ्यांचं सगळं नाट्य तळाशी चिरडून जातं, आणि ही चूक नवख्यांच्या पाठवलेल्या जवळजवळ प्रत्येक चित्रात असते.

रानपिंगळ्याचा मऊ सूर आलेखावर छोट्या कमानीसारखा असतो: चढ, माथा, उतार. चढ आणि उतार दोन्ही तीव्र. तुमच्या फितीतल्या प्रत्येक सुरासाठी पाच आकडे एका तक्त्यात लिहा. सुराची लांबी, सर्वांत खालची कंप्रता, माथ्याची कंप्रता, सुरुवातीपासून माथा किती वेळात आला, आणि पुढच्या सुराच्या सुरुवातीपर्यंतचं अंतर. असे दहा सूर मिळाले तर उत्तम. तीन-चारच असतील तर मोजा, पण निष्कर्ष सैल ठेवा.

मग तोच तक्ता संदर्भ रेकॉर्डिंगचा करा. झेनो-कँटो आणि मॅकॉले लायब्ररी या दोन संग्रहांत शोधा. धोक्यातल्या काही जातींची रेकॉर्डिंग तिथे मर्यादित ठेवलेली असतात, त्यामागचं कारण योग्यच आहे, आणि नीट कारण सांगून रेकॉर्ड करणाऱ्याकडे विचारणा करता येते. संदर्भ निवडताना सर्वांत नेहमीची चूक म्हणजे संख्येला भुलणं. आठ रेकॉर्डिंग असली तरी त्यातली पाच एकाच माणसाने एकाच सकाळी एकाच जोडीची केलेली असू शकतात. तारीख, जागा आणि रेकॉर्ड करणारा बघून वेगवेगळ्या पक्ष्यांची किमान पाच गोळा करा. रेकॉर्डिंगखालच्या टिपेत पक्षी प्रत्यक्ष दिसला होता का, आवाज लावून उचकवला होता का, हे लिहिलेलं असतं. उचकवलेला पक्षी जास्त वेगाने आणि चढ्या सुरात बोलतो, म्हणून त्याची अंतरं तुमच्या शांतपणे गाणाऱ्या पक्ष्याशी जुळणार नाहीत. जंगली पिंगळा, हळद्या आणि टकाचोर यांचीही प्रत्येकी पाच रेकॉर्डिंग याच पद्धतीने मोजा. हे कंटाळवाणं आहे, साधारण एक दिवस जातो. पण एकदा केलेला तक्ता पुढच्या प्रत्येक फितीला उपयोगी पडतो, आणि 'मला तसं वाटतं' याच्या जागी आकडा येतो.

तुमच्या सुरांचे आकडे रानपिंगळ्याच्या पट्ट्यात बसतात, एवढं पुरेसं नाही. ते इतर तिघांच्या पट्ट्याबाहेर आहेत का, हे बघा. सुराची लांबी आणि माथा यांत पट्टे एकमेकांवर चढतील. अंतरात आणि सुरांच्या एकसारखेपणात ते बहुतेक वेळा सुटे होतात.

आता ॲपबद्दल, कारण तुमचा गोंधळ तिथून सुरू झाला. बर्डनेटसारखी प्रणाली फीत ३ सेकंदांच्या तुकड्यांत कापते आणि प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र नाव देते. ज्या पक्ष्याची ओळख दोन सुरांमधल्या अनेक सेकंदांच्या शांततेत आहे, त्याची तीच खूण यंत्रापुढे कधी येतच नाही. त्याला दिसते एक सुटी कमान. म्हणून एका तुकड्याला हळद्या, दुसऱ्याला जंगली पिंगळा हे उत्तर मला अगदी समजण्यासारखं वाटतं. दुसरं, ॲपच्या यादीत नसलेला किंवा फार थोड्या रेकॉर्डिंगवर शिकवलेला पक्षी त्याला सांगता येत नाही. तो ओळखीच्या नावांतलं जवळचं नाव निवडतो. तिसरं, ठिकाणाची चाळणी लावली तर दुर्मीळ जात गाळली जाण्याची शक्यता असते, काढली तर दुसऱ्या खंडातले पक्षी येतात. दोन्ही प्रकारे चालवून बघा. आणि नावापुढचा ०.७२ सारखा आकडा म्हणजे ७२ टक्के खात्री असं वाचू नका. तो त्या यंत्राच्या आतला गुण आहे, तो वेगवेगळ्या जातींत सारख्या अर्थाचा नसतो. ॲपचा खरा उपयोग लांबच्या फितीत कुठे ऐकायचं ते दाखवण्यासाठी. रात्रभर किंवा आठवडाभर ठेवलेल्या यंत्राच्या फितींत तो फार वेळ वाचवतो. निकाल मात्र माणसाने आलेख बघून द्यावा.

फितीतले बाकीचे आवाजही वाचा. छोटे पक्षी एकदम कल्ला करू लागले, तांबट थांबला, बुलबुल आणि शिंपी चिडून बोलू लागले, तर जवळ घुबडासारखं काही खरोखर बसलेलं असण्याची शक्यता वाढते. कोणतं ते मात्र त्यातून कळत नाही, कारण भृंगराजाच्या नकलेला आणि स्पीकरलाही ते असेच चिडतात. पिंगळा वस्तीजवळच्या शेतात, जुन्या झाडांत असतो. फितीत कोंबडा, मोटर, माणसांची बोलणी असतील तर त्याच्याकडे पारडं झुकतं. जागा म्हणून सातपुड्यातलं मोकळं, पानगळीचं सागाचं रान रानपिंगळ्याला जुळतं, पण जंगली पिंगळ्यालाही तेवढंच जुळतं.

निकाल तीन पायऱ्यांत लिहावा. 'नक्की' तेव्हा, जेव्हा मऊ सूर किमान दहा आहेत, दोन मिनिटांहून जास्त वेळ तीच लय आहे, आकडे इतर तिघांच्या बाहेर आहेत, नक्कल आणि स्पीकर खोडले आहेत, आणि दुसऱ्या जाणत्या माणसाने तुमचं मत न सांगता ऐकून तेच नाव दिलं आहे. ही शेवटची अट टाळू नका. फाइलच्या नावात 'रानपिंगळा' लिहून पाठवलं तर समोरच्याचा कान तिकडेच वळतो, म्हणून फाइलला नुसता क्रमांक द्या आणि सोबत जंगली पिंगळ्याच्या दोन फिती मिसळून पाठवा. 'बहुधा' तेव्हा, जेव्हा सूर जुळतो पण संख्या कमी आहे. बाकी सगळं 'पिंगळा, जात अनिश्चित'. तुम्ही सांगितलेल्या माहितीवरून तुमची फीत आज दुसऱ्या पायरीच्या वर जाईल असं मला वाटत नाही, आणि तुटलेलं गाणं निघालं तर ती तिसऱ्यावर उतरेल. ती पुसून मात्र टाकू नका.

परत जायचं तर याच हंगामात जा. विणीचा काळ ऑक्टोबरपासून उन्हाळ्यापर्यंत धरतात आणि जानेवारी-फेब्रुवारीत जोड्या सर्वांत जास्त बोलतात. उजाडायच्या आधी जागेवर पोचा, दहापर्यंत बसा. मोबाइल हातात धरू नका. बोटांच्या घर्षणाचा आवाज नेमका खालच्या पट्टीत येतो. दगडावर किंवा फांदीच्या बेचक्यात ठेवा, माइक आवाजाच्या दिशेने, त्यावर फोमचं टोपण. पाच-पाच मिनिटांच्या फाइल करा, सूर थांबला तरी मध्ये बंद करू नका. शांतता हाच तुमचा मुख्य पुरावा आहे. शेवटी तोंडाने बोलून ठेवा: तारीख, वेळ, जागा, आवाजाची दिशा, अंदाजे अंतर, पक्षी दिसला की नाही. बोलणं अगदी शेवटी, म्हणजे पक्षी बिचकत नाही. ऑडिओमॉथसारखं छोटं स्वयंचलित यंत्र लावायचं असेल तर पिंगळ्यांसाठी ३२ किलोहर्ट्झ पुरे, रोज सकाळी ६ ते १० असं वेळापत्रक, आणि वनखात्याची लेखी परवानगी आधी.

पक्षी दिसलाच तर डोक्याकडे आणि छातीकडे बघा. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ ठिपक्यांविना, चोच आणि डोकं शरीराच्या मानाने मोठं, छातीवर गडद रुंद पट्टा, पोटाखाली स्वच्छ पांढरा भाग, पायांवर दाट पांढरी पिसं. पिंगळ्याच्या डोक्यावर ठळक पांढरे ठिपके असतात, जंगली पिंगळ्याच्या अंगभर बारीक आडवे पट्टे. बोलताना शेपटी बाजूंना झटकण्याची सवयही टिपून ठेवा. पुसट फोटोसुद्धा डोक्यावर ठिपके नाहीत एवढं दाखवू शकला तर फितीची किंमत दुप्पट होते.

खात्री करण्यासाठी त्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका. तो उत्तर देतो, हे खरं आहे, आणि म्हणूनच ते करायचं नाही. हद्द राखणारा नर आपली शिकार सोडून न दिसणाऱ्या शत्रूमागे फिरतो, आणि त्याच वेळी मादी ढोलीत अंड्यांवर असू शकते. शिवाय तुम्ही वाजवलेल्या फितीनंतर मिळालेला आवाज मोजमापाला कमी उपयोगाचा, कारण त्याची लय बदललेली असते. नियोजनबद्ध सर्वेक्षणात, परवानगी घेऊन, मोजून-मापून आवाज लावणं ही वेगळी बाब आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीतला हा पक्षी आहे.

नोंद 'नक्की' च्या पायरीवर गेली तर मूळ वेव्ह फाइल, आकड्यांचा तक्ता, आलेखाचं चित्र आणि विंडोची सेटिंग असं सगळं एकत्र त्या भागाच्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला द्या आणि संग्रहातही जमा करा. जाहीर लिहिताना तालुक्यापलीकडे ठिकाण सांगू नका, आणि फोटो टाकण्याआधी त्यातली जीपीएस माहिती काढून टाका. फितीतही जागा कळेल असं काही बोललेलं असेल, तर जाहीर प्रतीतून तेवढा शेवटचा भाग कापा. मूळ फाइलमध्ये तो राहू द्या.